प्रयोग संपल्यानंतरची संस्था

वस्त्यांमध्ये जाऊन नाटक करणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या, तरुण मुलांकडून त्यांच्याच प्रश्नांवर लिहून-बसवून घेणाऱ्या संस्थांविषयी आपल्याकडे कौतुकाने लिहिले जाते. पण ते कौतुक बहुतेक वेळा प्रयोगापाशी सुरू होते आणि प्रयोगापाशीच संपते. किती प्रयोग झाले, किती माणसे जमली, पाहुणे कोण आले, वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आले की नाही, यावर संस्थेच्या कामाचे मोजमाप होते. मी अनेक वर्षे अशा प्रयोगांना आवर्जून जाते आणि माझे लक्ष हळूहळू प्रयोगावरून त्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासाकडे वळले आहे. सतरंज्या गोळा होत असतात, कलाकार चहा घेत असतात आणि प्रेक्षकांतली चार-दोन माणसे रेंगाळत उभी असतात. त्यांना काहीतरी विचारायचे असते. त्या वेळी उत्तर द्यायला कोण थांबते आणि पुढच्या आठवड्यात त्याच गल्लीत कोण परत येते, यावर त्या कलेतून नागरिकांचा संवाद घडला की नुसता कार्यक्रम झाला, हे ठरते, असे माझे मत झाले आहे. हा लेख त्याविषयी आहे.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि पुढे त्या समाजाचा विचार खेड्यापाड्यांत नेण्याचे काम व्याख्यानांच्या बरोबरीने जलशांनी केले. तमाशाचा बाज लोकांच्या अंगवळणी पडलेला होता. जलसेकारांनी तोच उचलला, त्यातला शृंगार बाजूला सारला आणि त्या जागी सावकारी, भिक्षुकशाही, मुलामुलींचे शिक्षण, लग्नातली उधळपट्टी यांविषयीचे संवाद आणि पदे आणली. आंबेडकरी चळवळीच्या काळात नाशिककडच्या भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी हीच परंपरा अधिक धारदार केली. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने तर मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला पुढे नावारूपाला आलेले कितीतरी कलावंत दिले.

या मंडळींच्या प्रतिभेविषयी भरपूर लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या संघटनेचे मोल जास्त वाटते. जलसा ऐकून एखाद्या कुटुंबाने भटजीवाचून लग्न लावायचे ठरवले, तर ते लावून देणारी आणि नंतर गावकीचा रोष वाट्याला आला तर सोबत राहणारी सत्यशोधक माणसे पंचक्रोशीत होती. गिरणगावात पोवाडा ऐकून तापलेल्या कामगाराला दुसऱ्या दिवशी सकाळी ज्याच्याकडे तक्रार घेऊन जायचे, तो युनियनचा कार्यकर्ता त्याच्याच चाळीत राहत होता. शाहिराच्या आवाजात जे बळ होते, ते काही अंशी या व्यवस्थेचे होते. श्रोत्याला ठाऊक असे की हे गाणे म्हणणारी माणसे उद्या नाहीशी होणार नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या काळातले याचे सर्वांत चांगले उदाहरण मला स्त्री मुक्ती संघटनेचे वाटते. १९७५ मध्ये मुंबईत ही संघटना सुरू झाली आणि १९८३ मध्ये तिच्या ज्योती म्हापसेकर यांनी लिहिलेले ‘मुलगी झाली हो’ हे नाटक रंगमंचावर आले. रंगमंच हा शब्द येथे सैल अर्थाने वापरते आहे, कारण हे नाटक देवळाच्या ओट्यावर, शाळेच्या पटांगणात, चाळीच्या चौकात, जागा मिळेल तेथे झाले. पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. नेपथ्य जवळजवळ नव्हतेच. मुलीच्या जन्मापासून सुरू होणारी ही कथा तिच्या शिक्षणाला लागणारी कात्री, हुंडा, सासर अशी पुढे सरकत जाते आणि मधूनमधून गाणी येतात. ती गाणी ओव्या, भजने, लोकगीते यांच्या चालींच्या इतकी जवळची आहेत की समोर बसलेल्या बायका दुसऱ्या कडव्यालाच सूर धरतात. संघटनेने १९८५ मध्ये स्त्री मुक्ती यात्रा काढली, नाटक इतर भाषांत गेले, प्रयोगांची संख्या वाढतच राहिली.

परंतु माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढे घडली. प्रयोग संपल्यावर बायका थांबू लागल्या. एकीला नवरा नांदवत नव्हता, दुसरीची मुलगी सासरहून परत आली होती, तिसरीला फक्त इतकेच सांगायचे होते की नाटकात दाखवले ते आमच्या घरात घडले आहे. नाटक मंडळीने याला सहानुभूतीने मान डोलावून पुढचा टेम्पो गाठणे सोपे होते. संघटनेने त्याऐवजी कौटुंबिक सल्ला केंद्रे उभी केली. तेथे समुपदेशक बसू लागल्या, पोलीस ठाण्याशी आणि वकिलांशी संबंध जोडले गेले. नंतर किशोरवयीन मुलामुलींसाठी कार्यक्रम आले, कचरा वेचणाऱ्या स्त्रियांच्या संघटनाचे मोठे काम आले. आज त्या संघटनेला अनेक जण कचरावेचक स्त्रियांच्या कामामुळे ओळखतात, पण त्या सगळ्याच्या मुळाशी नाटकानंतर थांबलेल्या बायकांचे ऐकून घेण्याची सवय आहे, असे मला ठामपणे वाटते. नाटकाने प्रश्न विचारला आणि संस्थेने त्या प्रश्नाचे ओझे स्वतःच्या खांद्यावर घेतले.

याच संदर्भात एक प्रसंग सांगते. आमच्या भागातल्या एका वस्तीत एका लहानशा गटाने दारू आणि घरातली मारहाण या विषयावर पथनाट्य केले होते. गट तरुण होता, मुलांनी मेहनतीने बसवले होते. शेवटी नाटकातली बायको उभी राहून नवऱ्याला खडसावते, टाळ्या होतात, असा शेवट होता. टाळ्या झाल्या. मग गटातल्या एका मुलीने विचारले की कोणाला काही बोलायचे आहे का. बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी पाण्याच्या टाकीजवळ बसलेल्या एक आजी म्हणाल्या, “बाई, नाटकात ती उठून बोलली, बरं वाटलं. पण उद्या माझी सून अशी बोलली आणि रात्री तिला घराबाहेर काढलं, तर तिला तुम्ही कुठं नेऊन ठेवणार?” त्या मुलीने काही क्षण विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितले की आमच्याकडे जागा नाही, पण जवळच एक सल्ला केंद्र आहे, तेथल्या ताई दर मंगळवारी दुपारी बसतात, मी स्वतः तुमच्याबरोबर येईन. आजींनी पत्ता दोनदा विचारून घेतला. मग दुसरी एक बाई उठली, तिने दारूच्या दुकानाच्या परवान्याचा विषय काढला आणि पुढची चर्चा बराच वेळ चालली.

आजींचा प्रश्न मला कोणत्याही नाट्यसमीक्षेपेक्षा मोलाचा वाटतो. रंगमंचावरचे धैर्य प्रेक्षकांतल्या माणसाने घरी न्यावे, अशी अपेक्षा आपण करतो, तेव्हा त्या धैर्याची किंमत कोण चुकवणार, हे विचारण्याचा अधिकार त्या माणसाला आहे. ज्या गटापाशी याचे काहीच उत्तर नाही, त्याने असा शेवट लिहिताना दहा वेळा विचार करावा. त्या मुलीपाशी सगळे उत्तर नव्हते, पण मंगळवार होता आणि सोबत येण्याची तयारी होती.

शहरांच्या बाबतीत या संवादाची गरज आणखी एका कारणाने मोठी आहे. खेड्यात ग्रामसभा आहे. ती नीट भरते की नाही, बायका बोलतात की नाही, हे प्रश्न आहेतच, परंतु गावातल्या मतदाराला सरपंचासमोर उभे राहून प्रश्न विचारण्याची कायदेशीर जागा आहे. महानगरात अशी जागा प्रत्यक्षात नाही. वॉर्डाच्या खालच्या पातळीवर क्षेत्रसभा भरवण्याची तरतूद महाराष्ट्रात २००९ च्या सुमारास कायद्यात झाली, पण अशा सभेला आपण कधी गेलो आहोत असे सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. अशा परिस्थितीत पथनाट्याभोवती जमलेला घोळका ही कित्येक वस्त्यांमधली एकमेव खुली सभा ठरते. तेथे नळाला पाणी किती वाजता येते यापासून मुलीच्या शाळेपर्यंत सगळे निघते. नाटकाचा विषय वेगळा होता म्हणून ते बोलणे तोडणारे संयोजक मी पाहिले आहेत आणि मला त्याचे वाईट वाटते. लोकांना जे बोलायचे आहे ते बोलण्यासाठीच तर ही जागा तयार झालेली असते.

प्रेक्षकाला बोलते करण्याचे शास्त्र म्हणावे इतके पद्धतशीर काम ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी केले. त्यांच्या ‘फोरम थिएटर’ या प्रकारात अन्यायाचा एक प्रसंग आधी अखेरपर्यंत दाखवला जातो आणि त्यात पीडित व्यक्ती हरते. मग तोच प्रसंग पुन्हा सुरू होतो. आता प्रेक्षकांतल्या कोणालाही ‘थांबा’ म्हणून नाटक अडवता येते आणि त्या पात्राच्या जागी स्वतः उभे राहून वेगळे काही करून पाहता येते. समोरचे नट आपली भूमिका सोडत नाहीत. सावकार सावकारासारखाच वागतो, सासू सासूसारखीच. त्यामुळे सुचवलेला उपाय किती टिकतो, हे तेथल्या तेथे सगळ्यांना दिसते. सूत्रधार उपदेश करत नाही. तो फक्त विचारतो की हे असे होऊ शकेल का आणि आणखी कोणाला प्रयत्न करायचा आहे का.

भारतात हे काम सर्वांत चिकाटीने पश्चिम बंगालमधल्या जन संस्कृती या संस्थेने केले. संजय गांगुली यांनी १९८५ मध्ये सुंदरबनच्या परिसरात तिची सुरुवात केली आणि तिचे कलाकार मुख्यतः शेतमजूर व ग्रामीण स्त्रिया आहेत. या संस्थेची पद्धत मला विशेष आवडते, कारण एकाच गावात एकाच प्रश्नावरचे नाटक पुन्हा पुन्हा नेले जाते. पहिल्या वेळी लोक लाजतात, दुसऱ्या वेळी दोघे-तिघे उठतात, नंतर गावातच त्या प्रश्नावर समिती तयार होते. आपल्याकडच्या अनुदानाच्या नियमांत याला ‘त्याच प्रेक्षकांसमोर पुनरावृत्ती’ म्हणून कमी गुण मिळतील. नवे गाव, नवा आकडा हवा असतो.

आता ज्या उदाहरणासाठी मी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येते. ते अहमदाबादचे आहे, पण त्याचे धागे महाराष्ट्राशी घट्ट जोडलेले आहेत.

१८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला आणि त्या कायद्याने जन्माला येणारे मूलच गुन्हेगार ठरवले. अशा जमातींना तारेच्या कुंपणाच्या वसाहतींत ठेवले जाई आणि दररोज हजेरी घेतली जाई. सोलापूरकरांना ‘सेटलमेंट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन मानला जातो. परंतु सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी आणि पोलिसांच्या सवयीने जुना शिक्का पुसू दिला नाही. अहमदाबादचे छारानगर ही अशाच एका विमुक्त जमातीची, छारांची वस्ती. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी तेथे वळणार, नोकरीच्या अर्जावर पत्ता दिसला की अर्ज बाजूला पडणार, हे तेथल्या तरुणांनी गृहीत धरलेले होते.

फेब्रुवारी १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर नावाच्या खेडिया शबर जमातीच्या तरुणाला पोलिसांनी पकडले आणि काही दिवसांतच त्याचा कोठडीत मृत्यू झाला. आत्महत्या असे सांगण्यात आले. शबरांमध्ये अनेक वर्षे काम करणाऱ्या बंगाली लेखिका महाश्वेता देवी आणि त्यांच्या समितीने कलकत्ता उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायमूर्ती रुमा पाल यांच्या निकालामुळे त्याच वर्षी चौकशी व भरपाईचा आदेश झाला. दरम्यान मार्चमध्ये महाश्वेता देवी व्याख्यानासाठी बडोद्यात आल्या होत्या. तेथे भाषा संशोधन केंद्र चालवणारे गणेश देवी, जे मूळचे आपल्या भोरचे, आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांच्याबरोबर त्यांनी विमुक्त आणि भटक्या जमातींच्या हक्कांसाठी एक कृती गट स्थापन केला. त्याच वर्षी ही मंडळी छारानगरला गेली.

तेथे काय करावे, हे त्यांनी ठरवून आणले नव्हते. वस्तीत एक ग्रंथालय सुरू झाले. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी वाचनाची खोली आली, नाटक नंतर आले. रिकामा वेळ भरपूर आणि बाहेर पत बिलकुल नाही, अशी तरुण मुले त्या खोलीत बसू लागली, वाचू लागली, एकमेकांशी बोलू लागली. नाटकाची हौस या मुलांना आधीपासून होतीच. बुधन शबरच्या खटल्याची कागदपत्रे त्यांच्या हाती आली आणि त्यांतून त्यांनी नाटक उभे केले. ३१ ऑगस्ट १९९८ रोजी, म्हणजे विमुक्त दिनी, छारानगरमध्ये ते झाले. नाटकाचे नाव ‘बुधन’ आणि त्यावरून गटाचे नाव पडले बुधन थिएटर.

या नाटकाचा घाट साधा आहे. मोकळ्या जागेत, प्रेक्षकांना चिकटून ते होते. पोलिसांचा मार कलाकार आपल्या शरीराने आणि आवाजाने दाखवतात. लाठी असो वा नसो, मागे सरकायला जागा नसलेल्या प्रेक्षकाला तो जवळून सोसावा लागतो. शेवटी सगळे कलाकार प्रेक्षकांकडे वळून विचारतात की आम्ही दुय्यम दर्जाचे नागरिक आहोत का. दूरच्या बंगालमधल्या, कधीही न पाहिलेल्या माणसाची ही कथा छारानगरच्या लोकांना आपली वाटली, कारण कोठडीचा अनुभव घराघरात होता. ज्या आयांनी आपल्या मुलांना पोलिसांच्या गाडीत चढताना पाहिले होते, त्यांच्यासमोर त्यांचीच मुले आता तो प्रसंग करून दाखवत होती.

त्याच वर्षी जूनमध्ये आपल्या बारामतीत पिन्या हरी काळे या पारधी माणसाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. बुधन थिएटरने त्यावरही नाटक केले. बारामतीच्या पारध्याची कथा अहमदाबादच्या छारांनी सांगितली, याची मराठी माणसाने कृतज्ञतेने नोंद घ्यावी आणि थोडे अस्वस्थही व्हावे, असे मला वाटते. ‘उपरा’ आणि ‘उचल्या’ यांसारखी आत्मकथने आपल्या भाषेत आली, त्यांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, विद्यापीठांत ती अभ्यासाला लागली. भटक्या-विमुक्तांच्या प्रश्नांसाठी केंद्राने नेमलेल्या आयोगाचे अध्यक्षपद बाळकृष्ण रेणके यांच्याकडे होते आणि त्यांचा अहवाल २००८ मध्ये सादर झाला. चळवळ, साहित्य, आयोग हे सगळे आपल्याकडे आहे. परंतु पारधी वस्तीतल्या मुलांनी चालवलेला, वर्षानुवर्षे टिकलेला आणि पोलिसांशी, न्यायाधीशांशी, शेजारच्या सोसायटीतल्या लोकांशी नाटकातून बोलणारा गट म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर चटकन नाव येत नाही. ही उणीव प्रतिभेची खचितच नाही. तमाशा आणि लोककला ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्या जमातींना नाटक कोणी शिकवायचे? उणीव आहे ती रोज उघडणाऱ्या खोलीची.

बुधन थिएटर पंचवीस वर्षांहून अधिक काळ टिकले, त्याचे कारण त्याच्या नाटकांच्या गुणवत्तेइतकेच त्या खोलीत आहे. मुले तेथे अभ्यास करत, त्यांतली काही पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेली, काही पत्रकार झाली, काहींनी चित्रपट केले. छारानगरमध्ये वकिलांची संख्या मोठी आहे आणि पोलिसांशी प्रसंग आला की ते वकील धावून येतात. दक्षिण बजरंगे यांच्यासारखे तेथलेच कलावंत गटाचे नेतृत्व करत राहिले. बाहेरचा नामवंत दिग्दर्शक येऊन प्रयोग बसवून परत गेला असता, तर एक चांगले नाटक झाले असते आणि विसरले गेले असते. गणेश देवी आणि महाश्वेता देवी यांचे मोठेपण मला येथे दिसते की त्यांनी पुस्तके आणि विश्वास दिला, आणि विषय व बोलण्याची पद्धत वस्तीवर सोपवली.

आपल्याकडचे अलीकडचे दोन प्रयत्न या रांगेत बसणारे आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख करते. गो. पु. देशपांडे यांचे ‘सत्यशोधक’ हे नाटक अतुल पेठे यांनी २०१२ मध्ये पुणे महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन केले आणि त्यामागे पुणे महानगरपालिका कामगार युनियन उभी होती. झाडूकाम करणाऱ्या माणसांनी फुल्यांच्या काळातली माणसे उभी करावीत आणि त्याची जबाबदारी युनियनने आपल्या नेहमीच्या कामाचा भाग म्हणून घ्यावी, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. पगार, हातमोजे आणि कंत्राटी पद्धत यांविषयी भांडणारी संघटना नाटकासाठीही वेळ काढते, तेव्हा कामगाराकडे पाहण्याची तिची नजर किती रुंद आहे, हे कळते. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेने रत्नाकर मतकरी यांच्या कल्पनेतून ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. त्यात वस्त्यांमधली मुले स्वतःच विषय शोधतात, स्वतःच नाटिका रचतात. ती संस्था त्याआधीपासून एकलव्य पुरस्कारांच्या निमित्ताने याच मुलांच्या शाळा-कॉलेजच्या अडचणींत त्यांच्यासोबत होती. त्यामुळे नाटिकेत मुलाने बापाच्या बेकारीविषयी काही सांगितले, तर ऐकणाऱ्याला ते घर माहीत असते. २०२० मध्ये मतकरी गेले, पण संस्था पाठीशी असल्यामुळे उपक्रम त्यांच्याबरोबर संपला नाही.

मग अशा संस्थांना आधार कोणाचा, हा प्रश्न उरतो आणि येथे मला थोडे परखडपणे लिहायचे आहे. नाट्यमहोत्सवाला पैसे मिळतात. मंडप, ध्वनिक्षेपक, फलक, प्रमाणपत्रे, छायाचित्रकार या सगळ्याला देणगीदार सापडतो, कारण त्यावर नाव छापता येते. तालमीच्या खोलीचे भाडे, ग्रंथपालाचे मानधन, आठवड्यातून एकदा बसणाऱ्या समुपदेशकाचा प्रवासखर्च, हिशेब ठेवणाऱ्या माणसाचा पगार, यांना ‘प्रशासकीय खर्च’ म्हणतात आणि प्रशासकीय खर्च जितका कमी तितकी संस्था चांगली, असा समज रूढ झाला आहे. परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीने अशा देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा निम्म्यावरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने मिळालेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण मनाई केली. वस्तीतल्या गटाला स्वतःची नोंदणी, लेखापरीक्षण आणि परदेशी देणगीसाठी सक्तीचे केलेले दिल्लीतले बँक खाते यांचा व्याप झेपत नाही. असे गट मोठ्या संस्थेच्या आधाराने चालत असत. तो आधार या मनाईने सुटला. गैरव्यवहाराला आळा घालणे आवश्यक आहे, याविषयी माझे दुमत नाही. पण हा नियम करताना लहान गट कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते, असेच म्हणावे लागते.

संहितेच्या पूर्वपरीक्षणाचा मुद्दाही आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घेण्याची पद्धत आहे. व्यावसायिक नाटकाला ते जमते, कारण तेथे संहिता आधी तयार असते. वस्तीतल्या मुलांनी तालमीत बोलता बोलता रचलेल्या आणि प्रत्येक प्रयोगानंतर लोकांचे ऐकून बदललेल्या नाटिकेची अंतिम संहिता कोणती? जे नाटक प्रेक्षकाच्या हस्तक्षेपासाठीच लिहिलेले आहे, त्यातले प्रेक्षकाचे संवाद कोणत्या पानावर टंकलिखित करायचे? या पद्धतीचा फेरविचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.

सरकारने किंवा कंपन्यांनी काय करावे, याची मोठी यादी करता येईल. मला त्यातली एकच गोष्ट तातडीची वाटते आणि ती स्वस्त आहे. महापालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी सहानंतर रिकामे असतात. त्यांत दिवे आहेत, पंखे आहेत, स्वच्छतागृहे आहेत, पहारेकरी आहे. वस्तीतल्या नोंदणीकृत किंवा अनोंदणीकृत गटाला, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या शिफारशीवर, वर्षभरासाठी ठरलेल्या वारी दोन तास एक वर्ग नाममात्र शुल्कात मिळाला, तर तालमीचा आणि बैठकीचा प्रश्न एका दमात सुटेल. सध्या कित्येक ठिकाणी प्रत्येक वेळी नवा अर्ज, नवी अनामत आणि नवा शेरा लागतो. ज्या मुलीला दर आठवड्याला वस्तीत यायचे आहे, तिची अर्धी शक्ती त्या अर्जात जाते.

आणि आपण, म्हणजे अशा कामाविषयी आस्था असणारी मध्यमवर्गीय माणसे, एक बदल लगेच करू शकतो. देणगी देताना संस्था पावतीवर कारण विचारते, तेव्हा आपण सवयीने ‘कार्यक्रमासाठी’ असे सांगतो आणि तो पैसा मग कार्यक्रमालाच बांधला जातो. यापुढे मी ‘सर्वसाधारण निधी’ असे लिहून देणार आहे. खोलीचे भाडे, वर्तमानपत्रांचे बिल, मंगळवारी येणाऱ्या ताईंचे रिक्षाभाडे, संस्थेला जे नडले असेल त्यासाठी ते पैसे वापरता येतील आणि त्यासाठी तिला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.